रस्त्याचं नाव बदललं, आजोबा हरवले!

समजा, तुम्ही अमेरिकेत बॉस्टनला राहता. आई वारल्यानंतर तिचं कपाट आवरताना तुम्हाला एक घडीचा, पिवळा पडलेला कागद सापडतो. तिच्या वडिलांचा जन्मदाखला. साल १९०१. जन्माचं ठिकाण: लोअर टायरोन स्ट्रीट, डब्लिन. आजोबांबद्दल घरात कधी कुणी फारसं बोललेलं नाही. ते आयर्लंडहून आले एवढंच ठाऊक. पण आता हातात चक्क पत्ता आहे! तुम्ही सुट्टी काढता, तिकीट काढता आणि डब्लिनच्या विमानतळावर उतरून टॅक्सीवाल्यापुढे तो कागद धरता.

टॅक्सीवाला डोकं खाजवतो. ‘‘टायरोन नावाचा परगणा आहे, उत्तरेला. रस्ता? नाही बुवा.’’ हॉटेलातल्या नकाशात रस्ता नाही. पोस्टात विचारा, नाही. मग मनात शंकेची पाल चुकचुकते. आजोबांनी खोटा पत्ता दिला होता की काय?

आजोबा खोटं बोलले नव्हते. रस्ता तिथेच आहे, टॅक्सी कदाचित त्याच्याच तोंडावरून गेली असेल. फक्त त्याचं नाव आज रेल्वे स्ट्रीट आहे. टायरोनच्या आधी ते मेक्लेनबर्ग स्ट्रीट होतं. एकाच रस्त्याची पन्नास वर्षांत तीन नावं झाली!

आपल्या पूर्वजांचा शोध घेणं हा आज जगभर अनेकांचा छंद आहे. पण आयर्लंडच्या बाबतीत या छंदाला एक वेगळीच धार आहे. तिथे कित्येकांचं अख्खं घराणं एका पत्त्याच्या दोरीवर लटकत असतं. आणि तो पत्ता बदलून बसलेला असतो.

शोधणारे इतके का?

आयर्लंड हा छोटासा देश. आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या आज पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. पण आपलं मूळ आयर्लंडमध्ये आहे असं सांगणारे लोक एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक आहेत! कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि खुद्द इंग्लंडमधले आणखी वेगळे.

याचं कारण बटाटा. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं सारं पोट त्या एका पिकावर होतं. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथीच्या रोगांनी मेली आणि तितकीच, किंबहुना जास्तच, जहाजात बसून निघून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८२ लाखांच्या घरात असलेला आकडा १८५१ मध्ये ६५ लाखांवर आला. त्यानंतरही जाणाऱ्यांची रांग थांबली नाही.

त्यांची नातवंडं-पतवंडं आज माघारी वळून बघताहेत. यात नुसती हळवी भावना नाही, व्यवहारही आहे. ज्याची आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या भूमीवर जन्मले असतील, त्याला ठरावीक नोंदणी करून आयर्लंडचं नागरिकत्व मागता येतं. २०१६ साली ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला आणि कित्येक इंग्रजांना अचानक आपल्या आयरिश आजीची आठवण झाली! पण आजी आठवून भागत नाही, तिचा दाखला लागतो. आणि दाखला कुणाचा, आपल्याच आजीचा की तिच्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा, हे ठरवावं लागतं.

मेरी केली, मेरी केली आणि मेरी केली

इथेच खरी गोम आहे. आयर्लंडमध्ये नावं मोजकी आणि आडनावंही मोजकीच. मर्फी, केली, बायर्न, रायन. मुलगा असेल तर पॅट्रिक, जॉन, मायकेल. मुलगी असेल तर मेरी, ब्रिजेट, मार्गारेट. त्यात पुन्हा नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. डब्लिनच्या जुन्या नोंदवहीत ‘मेरी केली’ शोधायला जावं तर मेरी केलींची रांगच उभी राहते. कुणाला ‘आजी’ म्हणून हाक मारायची?

नावाच्या गोंधळानं काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर परदेशातून येणाऱ्यांचं केंद्र सुरू झालं. तिथे सर्वांत पहिली नोंद झाली ती ॲनी मूर या आयरिश मुलीची. धाकट्या दोन भावांना घेऊन ती आली होती. पुढे तिची कथा पाठ्यपुस्तकांत गेली, तिचे पुतळे उभे राहिले. ती टेक्ससला गेली आणि तिथेच वारली, असं सगळे सांगत. टेक्ससमधल्या ॲनी मूरच्या वंशजांचे सत्कारही झाले. २००६ साली मेगन स्मोलेन्याक या वंशावळीच्या अभ्यासक महिलेनं कागद धुंडाळून दाखवून दिलं की टेक्ससची ॲनी मूर ही बाई मुळात अमेरिकेतच जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. तिथल्याच गरीब वस्तीत तिनं संसार केला, मुलं वाढवली आणि १९२४ मध्ये ती वारली. वर्षानुवर्षं सारा देश भलत्याच ॲनीला हार घालत होता!

एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायचं तर हाताशी उरतं काय? वय, आईबापांची नावं आणि पत्ता. त्यातही वयाचा भरवसा नाही. जुन्या काळी लोक आपलं वय अंदाजानंच सांगत. मग पत्ता हाच मोठा साक्षीदार.

एका दिवसात जळालेली सात शतकं

‘‘जनगणना असेल ना? तीत बघा,’’ असं कुणीही म्हणेल. होती ना! १८२१ पासून दर दहा वर्षांनी होत होती. पण या जनगणनांचं नशीबच फुटकं. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनंच काम झाल्यावर नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्यासाठी गेले. उरले होते त्याआधीचे.

ते होते डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दफ्तरखान्यात. १९२२ साली इंग्रजांशी झालेल्या करारावरून आयरिश क्रांतिकारकांमध्येच फूट पडली आणि करार न मानणाऱ्यांनी फोर कोर्ट्‌सचा ताबा घेतला. २८ जूनला नव्या सरकारच्या तोफा त्यांच्यावर सुरू झाल्या. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि दफ्तरखाना पेटला. सातशे वर्षांची कागदपत्रं त्यात खाक झाली. जनगणनेचे तक्ते, मृत्युपत्रं, प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या, सारं काही. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर हवेत तरंगत होते.

कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या तिथे ठेवलेल्याच नव्हत्या. आणि वाचल्या १९०१ आणि १९११ च्या दोन जनगणना. आज त्या दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. १९२१ साली लढाईच्या धामधुमीत जनगणना झालीच नाही. पुढची झाली १९२६ मध्ये, आणि तिच्यावरची शंभर वर्षांच्या गुप्ततेची मुदत २०२६ मध्ये पुरी होते.

म्हणजे १९०१ च्या मागे जायचं तर तुकडे जोडावे लागतात. १८६४ पासून सगळ्या जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद आहे. रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्यानं १८४७ ते १८६४ या काळात घर-जमिनींच्या करासाठी केलेली पाहणी आहे. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. या तुकड्यांना जोडणारा धागा म्हणजे रस्त्याचं नाव. आता तो धागाच मध्ये तुटलेला असेल तर?

उमरावाचं ‘चं’सुद्धा सुटलं नाही

डब्लिनच्या जुन्या भागात रस्त्यांची नावं साधी-सरळ होती. मासळीबाजार तिथे फिशॲम्बल स्ट्रीट. दारूचे गुत्ते तिथे वाइनटॅव्हर्न स्ट्रीट. खानावळवाल्यांचा कुक स्ट्रीट. ही नावं आजही आहेत. (हॅन्डल या थोर संगीतकाराची ‘मसाया’ ही रचना जगात सर्वप्रथम सादर झाली ती १७४२ साली याच मासळीच्या रस्त्यावर!)

पुढे उमराव मंडळी जमिनी घेऊन रस्ते पाडू लागली आणि स्वतःचीच नावं देऊ लागली. त्यात कडी केली ती ड्रोहेडाचा अर्ल हेन्री मूर यानं. ‘हेन्री मूर, अर्ल ऑफ ड्रोहेडा’ हे आपलं अख्खं नाव त्यानं रस्त्यांवर वाटून टाकलं. एक हेन्री स्ट्रीट, एक मूर स्ट्रीट, एक अर्ल स्ट्रीट, एक ड्रोहेडा स्ट्रीट. ‘ऑफ’ तरी कशाला वाया घालवायचा? म्हणून एका बोळाचं नाव ‘ऑफ लेन’! या बोळाला आज हेन्री प्लेस म्हणतात. हेन्री स्ट्रीट आणि मूर स्ट्रीट आजही गजबजलेले बाजार आहेत.

ड्रोहेडा स्ट्रीटचं मात्र नशीब निराळं. अठराव्या शतकात तो रुंद झाला आणि त्याला व्हाइसरॉयचं घराण्याचं नाव मिळालं, सॅकव्हिल स्ट्रीट. हा शहराचा राजरस्ता. १८८२ मध्ये त्याच्या टोकाला डॅनियल ओ’कॉनेल या थोर नेत्याचा पुतळा उभा राहिला. शेजारचा कार्लाइल ब्रिज ओ’कॉनेल ब्रिज झाला. मग १८८४ मध्ये महापालिकेनं ठरवलं, रस्त्यालाही ओ’कॉनेलचंच नाव द्यायचं.

पण रस्त्यावरचे रहिवासी आणि दुकानदार बिथरले. जुनं नाव पुसलं तर धंद्याची पत जाईल, म्हणून ते कोर्टात गेले आणि त्यांनी मनाई हुकूम आणला! रस्ता अधिकृतपणे ओ’कॉनेल स्ट्रीट झाला तो १९२४ मध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर. मधली चाळीस वर्षं बोलणाऱ्याच्या राजकारणावर सारं अवलंबून. राष्ट्रवादी माणूस ओ’कॉनेल स्ट्रीट म्हणायचा, राजनिष्ठ माणूस सॅकव्हिल स्ट्रीट. तेव्हा एकाच काळातल्या दोन कागदांवर दोन नावं दिसली, तर घराणं हललं असं समजू नका. लिहिणारा कोणत्या बाजूचा होता, ते बघा.

स्वातंत्र्याच्या आसपास तर पाट्यांचा धडाकाच लागला. ग्रेट ब्रिटन स्ट्रीट आधीच, १९११ मध्ये, पार्नेल स्ट्रीट झाला होता. ग्रेट ब्रन्सविक स्ट्रीटचा पिअर्स स्ट्रीट झाला. पॅट्रिक पिअर्स हा १९१६ च्या उठावाचा नेता. इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. तो जन्मला होता याच रस्त्यावर, २७ क्रमांकाच्या घरात, वडिलांच्या दगड घडवण्याच्या कारखान्याशेजारी. म्हणजे पिअर्सच्या जन्माच्या वेळचा पत्ता ‘पिअर्स स्ट्रीट’ नव्हताच! कॉर्क शहरात किंग स्ट्रीटचा मॅकर्टन स्ट्रीट झाला, १९२० मध्ये राहत्या घरात मारल्या गेलेल्या महापौरांच्या आठवणीसाठी. लिमरिकमध्ये जॉर्ज स्ट्रीट जाऊन तिथेही ओ’कॉनेल आला.

रस्तेच कशाला, गावं नि परगणेही बदलले. किंग्ज काउंटीचं ऑफली झालं, क्वीन्स काउंटीचं लीश झालं. डब्लिनजवळचं डनलिअरी बंदर १८२१ मध्ये राजा चौथा जॉर्ज येऊन गेला म्हणून किंग्जटाउन झालं आणि १९२० मध्ये पुन्हा आयरिश स्पेलिंगसह डनलिअरी. दक्षिणेचं कोव्ह बंदर १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या भेटीनंतर क्वीन्सटाउन झालं आणि पुढे पुन्हा कोव्ह. आमची ॲनी मूर जहाजात बसली ती क्वीन्सटाउनहून. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’नं शेवटचा थांबा घेतला तो क्वीन्सटाउनला. लाखो घराण्यांच्या कागदांवर ‘क्वीन्सटाउन’ आहे. आयर्लंडच्या आजच्या नकाशात मात्र क्वीन्सटाउन शोधून सापडणार नाही.

बदनामी पुसायची म्हणून

आता पुन्हा आपल्या आजोबांच्या रस्त्याकडे येऊ. त्याचं नाव का बदललं? तिथे ना राजा होता, ना क्रांतिकारक. कारण निराळं होतं, आणि ते घरात कुणी बोललं का नाही, याचंही उत्तर त्यातच असू शकतं.

शहराच्या उत्तर भागातली ही वस्ती ‘मॉन्टो’ म्हणून ओळखली जायची. नाव पडलं मॉन्टगोमेरी स्ट्रीटवरून. एके काळी हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी एक समजला जाई. पण तिथे फक्त तोच धंदा चालत होता असं नाही. गोदीवर हमाली करणारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, फेरीवाले अशी शेकडो गरीब कुटुंबं त्याच गल्ल्यांत, मोडकळीला आलेल्या मोठमोठ्या घरांत एकेका खोलीत राहत होती. त्यांना नोकरी मागताना पत्ता सांगायची लाज वाटे. पाटी बदलली की बदनामी पुसेल, अशी भाबडी आशा! मेक्लेनबर्ग स्ट्रीट १८८० च्या दशकाच्या अखेरीस टायरोन स्ट्रीट झाला. मॉन्टगोमेरी स्ट्रीट पुढे फोली स्ट्रीट झाला, एका शिल्पकाराच्या नावानं. बदनामी नव्या नावालाही चिकटली. मग १९११ च्या सुमारास टायरोनचा रेल्वे स्ट्रीट झाला. वस्तीतला धंदा मात्र १९२५ मधल्या पोलिसांच्या धाडींनंतरच आटोक्यात आला.

आता हिशेब करा. थोरल्या मुलाचा जन्म १८८० मध्ये मेक्लेनबर्ग स्ट्रीटवर. १९०१ च्या जनगणनेत कुटुंब टायरोन स्ट्रीटवर. १९१५ मध्ये धाकटा मुलगा सैन्यात भरती होतो, तेव्हाचा पत्ता रेल्वे स्ट्रीट. शोध घेणारा वहीत लिहितो, ‘कुटुंबानं दोन वेळा बिऱ्हाड हलवलं.’ प्रत्यक्षात ती माणसं जागची हललीही नसतील. एकाच खोलीत, एकाच खिडकीपाशी बसून त्यांनी तीन पत्ते पाहिले असतील.

डिरेक्टरीत ‘चाळ’, जनगणनेत माणसं

मग हे उलगडायचं कसं? डब्लिनमध्ये त्याची साधनं आहेत आणि ती मोठी मजेची आहेत.

पहिलं साधन ‘थॉम्स डिरेक्टरी’. अलेक्झांडर थॉम यानं ती १८४४ पासून काढायला सुरुवात केली. दर वर्षी एक जाडजूड ग्रंथ. त्यात रस्त्यावार, घराच्या क्रमांकावार कोण राहतं, काय धंदा करतं, सारं दिलेलं. शिवाय हा रस्ता कुठून कुठपर्यंत जातो, कोणते रस्ते त्याला मिळतात, हेही. ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी. कारण रस्त्याचं नाव बदललं तरी तो कुणाला मिळतो ते बदलत नाही! १८८० च्या डिरेक्टरीत मेक्लेनबर्ग स्ट्रीटला मिळणारे बोळ लिहून घ्यायचे आणि १९१५ च्या डिरेक्टरीत तेच बोळ कोणत्या रस्त्याला मिळतात ते पाहायचं.

पण या डिरेक्टरीत एक मोठी खोट आहे. तिला गरीब माणूस दिसत नाही. घरात भाडेकरू कोंबलेले असतील तर क्रमांकापुढे एकच शब्द छापलेला असे, ‘टेनमेन्ट्‌स’. म्हणजे आपल्या भाषेत ‘चाळ’. बस्स! नाव नाही, गाव नाही. हेन्रिएटा स्ट्रीटवरचं १४ क्रमांकाचं घर घ्या. अठराव्या शतकात बड्या उमरावी कुटुंबासाठी बांधलेला हा वाडा. १९११ च्या जनगणनेच्या रात्री त्या एका घरात शंभर माणसं झोपली होती. डिरेक्टरीत ज्यांना नाव नव्हतं, त्या शंभर जणांची नावं, वयं, धंदे, कोण लिहू-वाचू शकतं, आईला किती मुलं झाली आणि किती जगली, इतकं सगळं जनगणनेच्या तक्त्यांत आहे. २०१८ पासून तो वाडा संग्रहालय म्हणून खुला आहे.

दुसरं साधन नकाशे. जॉन रोक यानं १७५६ मध्ये डब्लिनचा नकाशा काढला, त्यात घरं सुटी सुटी दाखवली आहेत. १८४७ च्या सरकारी मोजणीचा नकाशा तर एका मैलाला पाच फूट इतका मोठा. जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी मांडायचे आणि न हलणारी खूण शोधायची. चर्च, पूल, रेल्वेचा फाटा. चर्च सापडलं की रस्ता सापडतो आणि त्या चर्चच्या वहीत बाप्तिस्माही सापडू शकतो. राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये कॅथलिक चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रं मोफत खुली केली, तेव्हापासून हे घरबसल्या जमतं.

तिसरं साधन एक छोटं पुस्तक. मॅक्रीडी नावाच्या एका धर्मोपदेशकानं १८९२ मध्ये डब्लिनच्या रस्त्यांची नावं, ती कधी पडली आणि का पडली, याची यादी छापली. त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की पुढच्या चाळीस वर्षांत त्यातली किती नावं इतिहासजमा होणार आहेत आणि म्हणूनच त्याचं पुस्तक शंभर वर्षं उघडलं जाणार आहे.

आणि एक सावधगिरी. रस्ता सापडला तरी घराच्या क्रमांकावर विसंबू नये. क्रमांकही नव्यानं पाडले जात. शिवाय जनगणनेच्या तक्त्यावरचा ‘घर क्रमांक’ हा अनेकदा मोजणाऱ्या माणसाचा स्वतःचा अनुक्रमांक असतो, दारावरचा नव्हे. शेजारी कोण होतं ते लिहून घ्यावं. क्रमांकापेक्षा शेजारी खरे!

नावच बदललेली माणसं

आतापर्यंतची गोष्ट कोड्यासारखी वाटली असेल. पण काहींसाठी हे कोडं नाही.

मॉन्टोच्याच परिसरात ग्लॉस्टर स्ट्रीट होता. १९३३ मध्ये तो शॉन मॅकडरमट स्ट्रीट झाला, पिअर्सप्रमाणेच मारल्या गेलेल्या क्रांतिकारकाच्या नावानं. या रस्त्यावर नन्सनी चालवलेली एक ‘मॅग्डलिन लॉन्ड्री’ होती. कुमारी माता, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या बायका, बंद दाराआड बिनपगारी कपडे धूत असत. देशात अशा दहा लॉन्ड्र्या होत्या आणि १९२२ नंतरच्या काळात सुमारे दहा हजार स्त्रिया त्यांतून गेल्या. या रस्त्यावरची लॉन्ड्री सर्वांत शेवटी, १९९६ मध्ये बंद झाली. २०१३ मध्ये पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत या स्त्रियांची देशातर्फे माफी मागितली. त्या इमारतीच्या जागी स्मृती आणि संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र उभारायचं सरकारनं २०२२ मध्ये ठरवलं.

आत गेलेल्या अनेक बायकांचं नावही बदललं जाई. ब्रिजेटची दुसरीच कुणी व्हायची. रस्त्याचं नाव वेगळं, बाईचं नाव वेगळं. लहानपणी दत्तक दिली गेलेली आणि आज साठी-सत्तरीत असलेली माणसं आपली आई शोधताहेत. वर्षानुवर्षं त्यांना स्वतःचा मूळ जन्मदाखलाही बघायचा हक्क नव्हता. २०२२ च्या कायद्यानं तो मिळाला. आईचं नाव आणि तिचा पत्ता, एवढीच त्यांची आईशी पहिली भेट. अशा माणसाला ‘हा रस्ता आता वेगळ्या नावाचा आहे, पण आहे, दहा मिनिटं चालत जा’ असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याचं मोल काय सांगावं!

तिथले जुने लोक आजही त्या रस्त्याच्या चौकाला ‘ग्लॉस्टर डायमंड’च म्हणतात. महापालिकेची पाटी बदलते, माणसांची जीभ एवढ्यात बदलत नाही. म्हणून जाणते शोधक कचेरीतून बाहेर पडले की त्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीबाईंना गाठतात. तीही एक डिरेक्टरीच!

डब्लिनची वाट खडकीवरून

आता गंमत ऐका. याच रस्त्यांचा शोध कधी कधी आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचतो. ‘रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स’ ही डब्लिनची पलटण. १८८१ मध्ये ती बनली ती कंपनी सरकारच्या दोन जुन्या गोऱ्या पलटणींना जोडून. एक मद्रासची आणि दुसरी ‘रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स’, आपल्या मुंबईची! शिवाय कितीतरी आयरिश शिपाई इतर पलटणींतून इथल्या छावण्यांत राहिले. त्यांची लग्नं इथे झाली, मुलं इथे जन्मली, काही इथेच मातीत गेली. इलाख्यातल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत. त्यांच्या पणतवंडांच्या हातात जो कागद येतो त्यावर असतं ‘किर्की’ किंवा ‘पूना’. त्यांना खडकी आणि पुणे शोधावं लागतं. टॅक्सीवाल्यापुढे कागद धरून डोकं खाजवण्याची पाळी इथे आपली!

आणि उलटाही एक धागा आहे. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर डब्लिनमध्ये जन्मले. आई आयरिश, वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर. २०१९ च्या डिसेंबरात ते कुटुंबासह मालवण तालुक्यातल्या वराड या आपल्या मूळ गावी येऊन गेले. त्यांना ना डिरेक्टरी लागली, ना जुना नकाशा. पत्ता आडनावातच होता! सगळ्यांचं नशीब असं थोडंच असतं?

म्हणून जाता जाता एक सांगणं. येत्या रविवारी घरातले जुने फोटो काढा. आजी, आजोबा, मोठी आत्या, जे कुणी असतील त्यांना जवळ बसवा. फोटोतली माणसं कोण, हे तर विचाराच. पण घर कुठलं, रस्ता कुठला, तेव्हा त्याला काय म्हणायचे, कोपऱ्यावर कोणतं देऊळ किंवा दुकान होतं, हेही विचारा आणि मऊ पेन्सिलीनं फोटोच्या मागे लिहून ठेवा. दोन ओळी पुरतात.

बॉस्टनच्या त्या आईनं आपल्या वडिलांच्या दाखल्यामागे तेवढंच लिहून ठेवलं असतं, तर तिच्या लेकराला डब्लिनच्या रस्त्यात उभं राहून आजोबांवर संशय घ्यायची वेळ आली नसती.